जिची सही घेतली, तिच्या दारापर्यंत

एका वाचकाचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून ते थोडक्यात देते.

"आदरणीय ताई, जय ख्रिस्त. माझं वय चोपन्न. अकरा वर्षांपूर्वी वडील वारले, आई त्याआधीच गेली होती. वडिलांनी मृत्युपत्र केलं नव्हतं. आम्ही दोघंच भावंडं, मी आणि धाकटी बहीण. रस्त्याला लागून दोन एकर जमीन होती. सोसायटीच्या कर्जासाठी कागद करायचा आहे असं सांगून मी बहिणीला तालुक्याला बोलावलं आणि हक्कसोडपत्रावर तिची सही घेतली. तिथल्या माणसाने तिला विचारलं, 'बाई, वाचून, समजून सही करताय ना?' ती म्हणाली, 'दादाने सांगितलंय म्हणजे बरोबरच असेल.' पुढे रस्ता रुंद झाला, बारा गुंठे त्यात गेले, मोबदला आला. त्या पैशात घराचा वरचा मजला बांधला. मोबदल्याचा दशांशही मंडळीला, म्हणजे चर्चला, दिला. बहिणीला खरं काय ते कळलं की नाही, मला माहीत नाही. ती कधी काही बोलली नाही. नाताळचा फराळ अजून पाठवते, पण चार वर्षं झाली, स्वतः येत नाही.

"मी देवापुढे पश्चात्ताप केला आहे, ताई. तीनदा संजीवन सभेत पुढे गेलो, गुडघे टेकून रडलो. एका सेवकांनी सांगितलं, देवाने तुमचं पाप समुद्राच्या तळाशी टाकलं आहे, आता सैतान दोष देतो तिकडे लक्ष देऊ नका. पण प्रभुभोजनाचा पेला हातात घेतला की हात कापतो. मी मंडळीचा खजिनदार आहे. क्षमा मिळाली असेल तर शांती का नाही? माझा पश्चात्ताप कुठे कमी पडतो? या लेंटमध्ये, ईस्टरआधीच्या उपासकाळात, चाळीस दिवस उपास धरावा असं मनात आहे."

भाऊ, जय ख्रिस्त.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं, आणि तिन्ही वेळा एकाच वाक्यापाशी थांबले. "दादाने सांगितलंय म्हणजे बरोबरच असेल." अकरा वर्षांपूर्वी कुठल्याशा कार्यालयात, गर्दीत, तुमची बहीण सहज बोलून गेली आणि तुम्हाला ते शब्दाला शब्द लक्षात आहे. जमिनीचा भाव तुम्ही पत्रात लिहिला नाहीत, मोबदल्याची रक्कम लिहिली नाहीत, पण हे वाक्य लिहिलंत. म्हणजे दुखतं कुठे ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कळतं.

तुम्ही विचारता, पश्चात्ताप कुठे कमी पडतो. रडण्यात कमी पडलेला नाही. तुमच्या अश्रूंवर मी शंका घेणार नाही. १९०५ साली केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये जे संजीवन, म्हणजे आध्यात्मिक जागृती, झालं, त्यात शेकडो मुली आपापली पापं आठवून ढसाढसा रडल्या होत्या, आणि आपल्या मराठी मंडळ्यांमध्ये त्या दिवसांची आठवण आजही आदराने काढतात. रडू येणं ही कृपाच असते. पण तुमचा पश्चात्ताप अर्ध्या वाटेवर बसून राहिला आहे, आणि ती वाट तुमच्या बहिणीच्या घराकडे जाते. तुम्ही देवाकडे तीनदा गेलात. तिच्याकडे एकदाही गेला नाहीत.

यात थोडा दोष आपल्या शब्दाचाही आहे असं मला नेहमी वाटतं. पश्चात्ताप, म्हणजे मागाहून होणारा ताप. शब्द ऐकला की मन जळण्याकडेच जातं. जितकं जास्त जळालं, तितका पश्चात्ताप खरा, असं आपण धरून चालतो. शास्त्रातले मूळ शब्द मात्र तापाचे नाहीत. जुन्या करारातल्या संदेष्ट्यांच्या तोंडी पुन्हा पुन्हा येतो तो इब्री शब्द 'शूब', आणि त्याचा अर्थ साधा आहे: परत फिरणं. रस्ता चुकलेला माणूस जसा माघारी फिरतो, तसं. नव्या करारातला ग्रीक शब्द 'मेटानोइया', म्हणजे मन पालटणं, विचार मुळापासून बदलणं. "पश्चात्ताप करा, कारण स्वर्गाचे राज्य जवळ आले आहे" हे वचन आपण लहानपणापासून पाठ म्हणत आलो. त्यात जळत बसा असं सांगितलेलं नाही, फिरा असं सांगितलं आहे. चुकीच्या एस.टी.त बसलेला माणूस कितीही हळहळला तरी गाडी त्याला चुकीच्याच गावाला नेते. त्याला उतरावं लागतं.

युरोपातही याच शब्दावरून मोठी उलथापालथ झाली होती. तिथल्या लॅटिन बायबलमधल्या शब्दांचा अर्थ लोक 'प्रायश्चित्त करा' असा घेत, म्हणजे नेमून दिलेलं काहीतरी उरकायचं आणि मोकळं व्हायचं. ३१ ऑक्टोबर १५१७ ला मार्टिन ल्यूथरने विटेनबर्गमध्ये जे पंच्याण्णव सिद्धान्त मांडले, त्यातला पहिलाच याविषयी आहे: प्रभूने पश्चात्ताप करा म्हटलं तेव्हा विश्वासणाऱ्याचं सगळं आयुष्यच पश्चात्तापाचं व्हावं अशी त्याची इच्छा होती. एका संध्याकाळच्या सभेत आवरून होणारी ही गोष्ट नव्हे. आपण प्रॉटेस्टंट लोक ल्यूथरचं नाव अभिमानाने घेतो, आणि आपल्याच सभांमध्ये 'पुढे गेलो, रडलो, झालं' असं नवं उरकणं तयार करून ठेवलं आहे. मला त्याचं फार वाईट वाटतं.

लूकच्या शुभवर्तमानाचा तिसरा अध्याय काढा. यार्देनेच्या काठी बाप्तिस्मा करणारा योहान लोकांना म्हणतो, पश्चात्तापास शोभतील अशी फळं द्या. लोक विचारतात, मग आम्ही काय करावं? आता योहानासारखा कडक माणूस काय सांगेल असं आपल्याला वाटतं? उपास धरा, गोणपाट नेसा, राखेत बसा. त्यातलं काहीच तो सांगत नाही. ज्याच्याकडे दोन अंगरखे आहेत त्याने एक नसलेल्याला द्यावा. जकातदार येतात, त्यांना म्हणतो, ठरल्यापेक्षा जास्त वसूल करू नका. शिपाई येतात, त्यांना म्हणतो, धाकदपटशाने कोणाचे पैसे उकळू नका, आपल्या पगारात समाधान माना. कपडे, वसुली, पगार. ज्याने ज्या व्यवहारात पाप केलं, त्याला त्याच व्यवहारात परत फिरायला सांगितलं. तुम्ही त्या दिवशी नदीकाठी रांगेत असता, तर योहानाने तुम्हाला सातबाराबद्दलच विचारलं असतं.

आता तुमच्या त्या सेवकांच्या बोलण्याकडे येते. पाप समुद्राच्या तळाशी टाकण्याचं वचन खरं आहे, मीखाच्या पुस्तकातलं आहे, आणि मला प्राणाहून प्रिय आहे. त्यांनी ते चांगल्या मनाने सांगितलं असेल. पण तुम्ही त्यांना सगळं सांगितलं होतं का? जमीन अजून तुमच्याच नावावर आहे, हे सांगितलं होतं का? मला वाटतं, नसेल. पाप समुद्राच्या तळाशी जातं, भाऊ, पण तुमच्या बहिणीची जमीन तिथे गेलेली नाही. ती रस्त्याच्या कडेला आहे आणि दर हंगामाला तिच्यावर तुमचं पीक उभं राहतं.

सैतान दोष देतो हेही खरं आहे. मग कुठला दोष त्याचा आणि कुठला पवित्र आत्म्याचा, हे ओळखायचं कसं? माझे यजमान पाळक होते. त्यांच्यासोबत कितीतरी घरांमध्ये जाऊन बसले, माणसांचं ऐकलं, त्यातून मला एवढं कळलं आहे. सैतानाचा दोष मोघम असतो. तू वाईट आहेस, तू नालायक आहेस, तुझ्यासारख्याला क्षमा नाही, असं तो म्हणत राहतो आणि त्यातून पुढे करण्यासारखं काहीच निघत नाही. माणूस फक्त खचतो. आत्म्याच्या दोषाला गट नंबर असतो. अमुक दिवस, अमुक कागद, अमुक माणूस. आणि तो दोष दाखवताना वाटही दाखवतो. पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात, सातव्या अध्यायात, हाच फरक केला आहे: देवाला अनुसरून होणारं दुःख पश्चात्तापाकडे आणि तारणाकडे नेतं, जगाचं दुःख मरणाकडे. पेला धरताना तुमचा हात कापतो, तेव्हा मनात 'मी वाईट आहे' एवढंच येतं, की बहिणीचा चेहरा येतो? पत्रावरून मला तरी वाटतं, चेहरा येतो. मग ती कापरी घालवण्यासाठी प्रार्थना करू नका. देवाने तुमच्यावर दया करून ती ठेवली आहे. बत्तिसाव्या स्तोत्रात दावीद राजा सांगतो की मी गप्प राहिलो तेव्हा माझी हाडं झिजली, रात्रंदिवस तुझा हात माझ्यावर भारी होता. तो हात शत्रूचा नव्हता.

दावीदाचा विषय निघालाच आहे, तर एक गोष्ट सांगून ठेवते, कारण तुमच्यासारखे बरेच जण तिथे अडखळतात. एकावन्नाव्या स्तोत्रात तो देवाला म्हणतो, तुझ्याविरुद्ध, तुझ्याविरुद्धच मी पाप केलं. या एका ओळीचा आधार घेऊन लोक म्हणतात, पाप देवाविरुद्ध, कबुली देवाला, माणसांचा त्यात काय संबंध? पण दावीदाने ज्याची बायको घेतली आणि ज्याला लढाईत मारवलं, तो उरीया मेलेला होता. त्याच्या दारी जाणं दावीदाच्या हातात उरलंच नव्हतं. तुमची बहीण जिवंत आहे. गेल्या नाताळला तिने फराळ पाठवला आहे.

यहूदा इस्कर्योत आणि पेत्र, या दोन्ही शिष्यांनी एकाच रात्री प्रभूला दुखावलं, एकाने पकडून देऊन, दुसऱ्याने नाकारून. दोघंही नंतर तळमळले. मत्तय सांगतो की यहूदाला पस्तावा झाला आणि त्याने चांदीची तीस नाणी परतही केली. मग त्याचा शेवट गळफासाने का झाला? मी यावर बरीच वर्षं विचार केला आहे. तो पैसे घेऊन मुख्य याजकांकडे गेला. ज्यांनी त्याला विकत घेतलं होतं त्यांच्याकडे. त्यांनी उत्तर दिलं, आम्हाला त्याचं काय, तुझं तू बघ. यहूदा ज्याचा अपराधी होता, त्याच्याकडे तो गेलाच नाही. पेत्र मात्र बाकीच्या शिष्यांमध्ये राहिला आणि प्रभूने त्याला किनाऱ्यावर गाठलं. योहानाच्या शुभवर्तमानाच्या एकविसाव्या अध्यायात किनाऱ्यावर कोळशांचा विस्तव आहे, त्यावर मासे भाजत आहेत. कोळशांच्या विस्तवासाठी तिथे वापरलेला ग्रीक शब्द सगळ्या नव्या करारात दोनच ठिकाणी येतो. एक इथे, आणि दुसरा अठराव्या अध्यायात, प्रमुख याजकाच्या अंगणात, जिथे पेत्र शेकत उभा होता आणि म्हणाला होता, मी त्याचा शिष्य नाही. तीनदा नाकारलं तेही तशाच विस्तवापाशी आणि तीनदा 'माझ्यावर प्रीती करतोस काय' हे विचारलं गेलं तेही तशाच विस्तवापाशी. प्रभूने पेत्राला तो वास विसरायला लावला नाही. त्या वासापर्यंत परत आणलं, आणि तिथे न्याहारी वाढून ठेवली.

म्हणून तुम्हाला परत जायला सांगते आहे. पण जाताना मनात एक गोष्ट पक्की असू द्या. तुम्ही क्षमा विकत घ्यायला निघालेला नाही. जमीन परत केली की देव खूश होईल, शांतीचा मोबदला मिळेल, असा हिशोब मांडून गेलात तर तो आणखी एक व्यवहार होईल. जक्कयाची गोष्ट रविवारच्या शाळेत आपण सगळे शिकलो. ठेंगणा जकातदार, प्रभूला बघायला तो चढला ते उंबराचं झाड. पण गोष्टीतला क्रम नीट बघा. यरीहोच्या रस्त्यावर प्रभू झाडाखाली थांबतो, वर बघून त्याला नावाने हाक मारतो, म्हणतो, त्वरेने खाली ये, आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे. जक्कयाने तोवर एक दमडीही परत केलेली नाही. लोक कुरकुरतात, पापी माणसाच्या घरी उतरला म्हणून. आणि त्यानंतर जक्कय उभा राहून म्हणतो, माझी अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, आणि अन्यायाने कोणाचं काही घेतलं असेल तर चौपट परत करतो. घरी पाहुणा आला म्हणून त्याचा हात सैल झाला. चौपट द्यायला कोणी सांगितलंही नव्हतं. जुन्या करारातल्या गणना पुस्तकाच्या पाचव्या अध्यायातला नियम त्याहून कमीचा आहे: अपराध कबूल करावा, घेतलेलं पूर्ण भरून द्यावं आणि वर पाचवा हिस्सा घालावा. देवावर प्रीती जडली की माणूस कायद्याच्या पुढे जातो.

वसई-विरारकडून पत्र लिहिणारे माझे कॅथलिक वाचक म्हणतील, ताई, हे आम्हाला कुमसाराच्या, म्हणजे पापकबुलीच्या, वेळी फादर सांगतातच. सांगतात, आणि बरोबर सांगतात. कॅथलिक शिकवणीत स्पष्ट आहे की पापमुक्तीने पाप दूर होतं, पण पापाने झालेलं नुकसान आपोआप भरून निघत नाही, चोरलेलं परत करावंच लागतं. संत ऑगस्टीनने पाचव्या शतकाच्या सुरुवातीला एका पत्रात लिहिलं आहे की परत करणं शक्य असून जो परत करत नाही, तो पश्चात्ताप करत नाही, पश्चात्तापाचं सोंग करतो. शब्द कडक आहे. तुम्ही सोंग करता असं मी म्हणणार नाही, तुमची तळमळ मला दिसते आहे. पण अकरा वर्षं फार झाली, भाऊ.

आता माझं सांगते. मी बत्तीस वर्षं शाळेत शिकवलं. एका डिसेंबरात पाचवीच्या वर्गाची सहल होती. एक मुलगी म्हणाली, बाई, मी पैसे दिले. माझ्या यादीत तिचं नाव नव्हतं. मी चाळीस मुलांसमोर तिला खोटारडी म्हटलं. सहलीला ती आली नाही. एप्रिलमध्ये हजेरीपट आवरताना पुठ्ठ्याला चिकटलेली घडी घातलेली नोट मिळाली, आणि तिच्यावर पेन्सिलने माझ्याच अक्षरात तिचं नाव होतं. त्या रात्री मी गुडघ्यावर आले, पोटभर रडले, आणि खरं सांगते, मला हलकं वाटलं. मी स्वतःला म्हटलं, देवाने क्षमा केली. जूनमध्ये शाळा उघडली. ती सहावीच्या रांगेत उभी होती. मला बघून तिने मान खाली घातली आणि माझं ते हलकेपण तिथल्या तिथे गेलं. तरीही मी आणखी तीन महिने काही बोलले नाही. लहान मूल आहे, विसरली असेल, उगाच कशाला उकरायचं, असं मनाला समजावत राहिले. सप्टेंबरात एकदा वर्ग भरण्याआधी तिला बाजूला घेतलं आणि सांगितलं, पैसे तू दिले होतेस, चूक माझी होती, तू खरं बोलत होतीस. मला वाटलं ती रडेल, किंवा हसेल. ती दोन्ही नाही. तिने विचारलं, "बाई, माझ्या आईला सांगाल?"

पैसे हरवले म्हणून आईने तिला मारलं होतं, आणि नऊ महिने आईचाही तिच्यावर विश्वास नव्हता. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी फक्त नोट परत करायचं ठरवून गेले होते. संध्याकाळी तिच्या घरी गेले, आईसमोर तेच सगळं पुन्हा बोलले. मग ती म्हणाली, आता वर्गातही सांगा. तेही केलं. माझ्या पापाने नेमकं काय मोडलं, हे मला तिने सांगेपर्यंत कळलंच नव्हतं. तुमचंही असंच होण्याची शक्यता आहे. तुम्हाला वाटतं तुम्ही तिची जमीन घेतली. तिला कदाचित वाटत असेल की माझं माहेर घेतलं.

आता करायचं काय, ते सांगते.

चाळीस दिवसांचा उपास धरू नका. निदान आत्ता नको. यशयाच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायात लोक देवाला विचारतात, आम्ही उपास केला, तू पाहिलं का नाहीस? आणि देव म्हणतो, मला पसंत असा उपास म्हणजे अन्यायाच्या बेड्या तोडणं. तुमच्या घरात ती बेडी कागदाच्या रूपात कपाटात ठेवलेली आहे. ती बाहेर काढा.

आधी पत्नीशी बोला. तिला ठाऊक आहे की नाही हे तुम्ही लिहिलं नाहीत. तुम्ही बांधलेल्या मजल्यावर तीही राहते. तिचा हा अपराध नाही, पण झळ तिला लागणार आहे, तेव्हा तिला आधी कळायला हवं. ती कदाचित म्हणेल, आता मुलांच्या लग्नाच्या वेळी हे कुठे काढता? तिचं नीट ऐकून घ्या, तिला वेळ द्या. पण तिच्या होकारावर निर्णय टांगून ठेवू नका. वस्तू बहिणीची आहे.

मग एखाद्या चांगल्या वकिलांना भेटा. मी कायद्याची जाणकार नाही, पण एवढं माहीत आहे की आपल्या ख्रिस्ती लोकांना वारसाहक्कासाठी भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ लागू आहे आणि त्यात मुलगा-मुलगी असा भेद नाही. आई आधीच गेलेली, मृत्युपत्र नाही, मुलं दोनच. म्हणजे निम्मं तुमचं, निम्मं तिचं. दोन एकरांचे ऐंशी गुंठे. बारा रस्त्यात गेले, अडुसष्ट उरले. त्यातले चौतीस तिचे. मोबदल्याची निम्मी रक्कम तिची. अकरा वर्षांच्या पिकाचा निम्मा नफाही तिचा. हे एका कागदावर स्वच्छ लिहून काढा, कुठे हात आखडता घेऊ नका. वकिलांना एवढंच विचारा की हे तिच्या नावावर पक्कं कसं करायचं, कोणता दस्त नोंदवायचा, फेरफार कसा होईल. स्वतःला वाचवायचं कसं, हे विचारायला जाऊ नका. ती कोर्टात गेली तर, तिच्या मुलांनी तक्रार केली तर, ही भीती मला कळते. तसं होऊ शकतं. पण त्या भीतीपोटी सत्य अर्धं सांगितलंत तर तुम्ही दुसऱ्यांदा तिची सही फसवून घेतल्यासारखं होईल.

पैसे एकदम नसतील तर तसं सांगा, किती महिन्यांत देणार ते लिहून द्या. पाचवा हिस्सा वर घालायचा की नाही, हे तुमच्यावर सोडते. मी असते तर घातला असता.

दशांशाचं काय? भाऊ, तुम्ही मोबदल्याच्या पूर्ण रकमेवर दशांश दिलात, म्हणजे त्यातला निम्मा तुमच्या बहिणीच्या पैशातला होता. देवाला दिलं म्हणून ते तुमच्या खात्यात जमा होत नाही. तिला देताना तो वजा करू नका. मंडळीकडे परतही मागू नका.

पाळकसाहेबांना विश्वासात घ्या. सगळ्या मंडळीसमोर उभं राहून साक्ष द्यावी का? माझं मत, आत्ता अजिबात नको. ज्या माणसाला दुखावलं, कबुलीचा पहिला हक्क त्याचा. बहिणीच्या आधी दोनशे लोकांना कळलं तर तिच्या घराण्याची गोष्ट चव्हाट्यावर येईल आणि तुमचं मात्र कौतुक होईल, किती नम्र भाऊ आहे म्हणून. खजिनदारपण मात्र काही दिवस दुसऱ्याकडे द्या. शिक्षा म्हणून सांगत नाही. दुसऱ्याच्या पैशाचा हिशोब ठेवणाऱ्या माणसाचं मन त्या दिवसांत मोकळं असायला हवं, आणि तुमचं नाही.

प्रभुभोजनाबद्दल तुम्ही थेट विचारलं नाहीत, पण हात कापतो असं लिहिलंत. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात प्रभू म्हणतो, वेदीपाशी दान आणलं असताना भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे असं आठवलं, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग येऊन दान दे. 'आधी' आणि 'मग' हे दोन शब्द विसरू नका. प्रभूने वेदीपासून हाकललेलं नाही, परत येण्याची वाट मोकळी ठेवली आहे. पुढच्या प्रभुभोजनाआधी तिच्याकडे जाऊन या. आणि रात्रीची झोपही उडाली असेल, जेवण जात नसेल, तर डॉक्टरांनाही दाखवा. त्यात अविश्वास नाही.

आता जाण्याबद्दल. फोनवर सांगू नका. व्हॉट्सॲपवर लांबलचक मेसेज तर नकोच. ती एकटी किंवा तिला हवा त्या माणसासोबत असेल अशी वेळ तिलाच विचारून घ्या, आणि एकटे जा. मध्यस्थ म्हणून मामा-काका, पाळक, कोणालाही नेऊ नका. चार मोठी माणसं समोर बसली की बाईला क्षमा करावीच लागते, आणि तशी घेतलेली क्षमा म्हणजे पुन्हा हक्कसोडच.

बोलताना 'माझ्याकडून चूक झाली' असं म्हणू नका. पाऊस झाला, उशीर झाला, तशी चूक झाली असं वाटतं. 'मी तुला खोटं सांगून सही घेतली' असं म्हणा. कर्ज होतं, मुलांची फी होती, वडिलांच्या आजारपणात खर्च मी केला, हे सगळं खरं असलं तरी त्या दिवशी काढू नका. ती विचारेल तेव्हा सांगा. प्रभूच्या दाखल्यातल्या उधळ्या पुत्राने बापाकडे जाण्याआधी वाक्यं जुळवली होती, पण बाप आधीच धावत येऊन गळ्यात पडला, आणि ती वाक्यं त्याने पुरी होऊच दिली नाहीत. तुमची बहीण बाप नाही, ती माणूस आहे, आणि तिच्यावर तशी वेळ आणायचा आपल्याला हक्क नाही. ती रागावेल. कदाचित दार लावून घेईल. म्हणेल, चार वर्षांपूर्वीच कळलं होतं मला, तू कधी येतोस त्याची वाट बघत होते. मला तर वाटतं, ती हेच म्हणेल. क्षमा मागा, पण उत्तर मागू नका. क्षमा दिली नाही तरी जमीन तिचीच आहे, पैसे तिचेच आहेत, त्याला अट नाही. देवाने तुम्हाला केलेली क्षमा तिच्या हो-नाहीवर अवलंबून नाही, म्हणून तर तुम्ही तिच्यासमोर खाली मान घालून, न घाबरता बसू शकता.

जाताना सातबाराचा ताजा उतारा, त्या हक्कसोडपत्राची प्रत आणि तुम्ही लिहिलेला हिशोबाचा कागद सोबत न्या. त्या दिवशी तिची कशावरही सही घेऊ नका. कागद तिच्या हातात द्या, चष्मा लागत असेल तर तिला तो शोधू द्या, आणि या वेळी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत तिला स्वतः वाचू द्या. तोवर गप्प बसा.